गोलकीपरचा काळा स्वेटर: लेव्ह याशिनचा वेश घरच्या घरी

गल्लीतल्या फुटबॉलमध्ये गोलकीपर कोण होतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. ज्याला फारसं पळता येत नाही तो. किंवा सगळ्यात लहान असतो तो. किंवा खेळायला उशिरा येतो तो. पार्किंगमध्ये दोन चपला ठेवून झाल्या, की कोणीतरी त्याच्याकडे बोट दाखवतं आणि म्हणतं, "तू गोलमध्ये उभा राहा." त्यात निवड कमी आणि शिक्षाच जास्त असते.

माझा मामेभाऊ सातवीत आहे. मामाचं कुटुंब वडोदऱ्याला असतं. हा पठ्ठ्या शाळेच्या टीमचा गोलकीपर आहे आणि तोही स्वतःच्या हौसेनं. पण गेल्या नोव्हेंबरमध्ये एका सामन्यात अगदी शेवटी बॉल त्याच्या दोन पायांमधून आत गेला आणि टीम हरली. दुसऱ्या दिवसापासून वर्गात त्याचं नाव पडलं 'चाळणी'. "अगं, ग्राउंडवर जायचं नावच काढत नाही तो," मामी मला फोनवर सांगत होती.

डिसेंबरमध्ये मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा शाळेत क्रीडा दिनाची तयारी चालली होती. 'माझा आवडता खेळाडू' अशी वेशभूषा करून यायचं होतं. अर्धा वर्ग मेस्सी होणार होता, उरलेला रोनाल्डो आणि विराट. आमचे साहेब कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसलेले.

"तू कोण होणार?"

"कोणीच नाही. गोलकीपर कुणाचा आवडता असतो का, ताई?"

मी कंटेंट लिहून पोट भरते. त्यामुळे कधीकाळी एखाद्या लेखासाठी वाचलेल्या गोष्टी डोक्यात कुठेतरी पडून असतात आणि नको तेव्हा बाहेर येतात. या वेळी मात्र हव्या तेव्हा आल्या. मी त्याला एक जुना कृष्णधवल फोटो काढून दाखवला. उंच, लांब हातांचा माणूस. काळा स्वेटर, काळी चड्डी, डोक्यावर चपटी टोपी. बॉलकडे असा झेपावलेला, की जमिनीशी त्याचं काही देणंघेणंच नाही. लेव्ह याशिन.

एमिलियानो मार्टिनेझ तुमच्या घरातल्या मुलांना नक्की माहीत असेल. जगातल्या सर्वोत्तम गोलकीपरला 2019 पासून जी ट्रॉफी मिळते, जी मार्टिनेझला मिळाली आहे, ती या याशिनच्या नावानं दिली जाते. आणि बॅलन डी'ओर हा फुटबॉलमधला सगळ्यात मानाचा पुरस्कार. मेस्सीनं तो आठ वेळा जिंकला. गोलकीपरला मात्र तो आजवर एकदाच मिळाला आहे. 1963 साली, याशिनला.

मामेभावानं फोटो मोठा करून पाहिला. मग विचारलं, "हा कधी चुकला होता का?"

चांगला प्रश्न होता. त्याचं उत्तर दिल्याशिवाय हा वेश शिवायला घेण्यात अर्थ नव्हता, म्हणून आधी तेच सांगते.

आधी माणूस, मग कपडे

याशिनचा जन्म 1929 चा, मॉस्कोतल्या कामगार कुटुंबातला. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि शाळेत जायच्या वयात तो कारखान्यात कामाला लागला. फुटबॉल त्याला भेटला तो कारखान्याच्या टीममध्ये. तिथून डायनॅमो मॉस्को या क्लबनं त्याला उचललं आणि मग आयुष्यभर, म्हणजे 1950 ते 1970, तो त्या एकाच क्लबकडून खेळला.

पण सुरुवात कशी झाली? सराव सामन्यात समोरच्या गोलकीपरनं नुसता लांब लाथाडलेला बॉल याशिनच्या जाळ्यात गेला. हो, गोलकीपरनं गोलकीपरला केलेला गोल! तो बॉल पकडायला जाताना याशिन आपल्याच खेळाडूवर आदळला होता. त्यानंतर मुख्य टीममध्ये त्याला फारशी संधी मिळेना. मधल्या काळात तो आइस हॉकीचा गोलकीपर झाला आणि 1953 मध्ये त्यानं हॉकीतला सोव्हिएत कपही जिंकला. फुटबॉलमध्ये त्याची जागा पक्की व्हायला तेच वर्ष उजाडावं लागलं.

1956 मध्ये मेलबर्न ऑलिंपिकचं सुवर्णपदक, 1960 मध्ये पहिलावहिला युरोपियन नेशन्स कप. आणि मग आलं 1962. चिलीतल्या वर्ल्ड कपमध्ये सोव्हिएत संघ कोलंबियाविरुद्ध 4-1 असा पुढे होता. कोलंबियाच्या मार्कोस कोलनं कॉर्नर किक मारली आणि ती कोणालाही न लागता थेट गोलमध्ये गेली. पुरुषांच्या वर्ल्ड कपमध्ये कॉर्नरवरून थेट झालेला तो आजवरचा एकमेव गोल. सामना 4-4 असा सुटला. पुढे उपांत्यपूर्व फेरीत चिलीनं त्यांना 2-1 नं हरवलं आणि मायदेशी सगळं खापर याशिनच्या डोक्यावर फुटलं. तिथल्या लोकांनी ते सामने टीव्हीवर पाहिलेच नव्हते. पेपरात छापून आलं तेवढंच त्यांना माहीत. मैदानात तो दिसला की शिट्ट्या वाजायच्या. याशिन आता संपला, असं लिहिलं गेलं. वय होतं 32.

पुढच्या वर्षी त्यानं सोव्हिएत लीगचे 27 सामने खेळले आणि त्यांत मिळून फक्त 6 गोल खाल्ले. ऑक्टोबर 1963 मध्ये लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर इंग्लंडविरुद्ध 'उर्वरित जग' असा सामना झाला, तेव्हा जगाच्या गोलमध्ये पहिला हाफ याशिन उभा होता. त्या हाफमध्ये एकही गोल झाला नाही. बॅलन डी'ओर त्याच वर्षीचा.

"म्हणजे तोही चाळणी होता," मामेभाऊ म्हणाला. आणि उठून मामाचं कपाट उघडायला गेला.

एकच सामना निवडा

तुम्हाला असा एखादा जुना वेश करायचा असेल, मुलासाठी, स्वतःसाठी किंवा ऑफिसच्या रेट्रो पार्टीसाठी, तर माझा पहिला सल्ला हा, की 'जुन्या काळचा गोलकीपर' असं मोघम काही ठरवू नका. एक माणूस आणि एक सामना निवडा. नाहीतर 1910 ची टोपी, 1950 चा स्वेटर आणि 1990 चे हातमोजे एकाच अंगावर येतात आणि मूल गोलकीपर न दिसता बॅंडवाला दिसतं.

आम्ही निवडला 10 जुलै 1960 चा पॅरिसमधला अंतिम सामना. सोव्हिएत संघानं युगोस्लाव्हियाला जादा वेळेत 2-1 नं हरवलं, तो. त्या काळातल्या फोटोंमध्ये याशिनच्या डोक्यावर ती प्रसिद्ध टोपी असते. 1966 च्या वर्ल्ड कपच्या फोटोंत तो बहुधा बोडक्या डोक्यानं दिसतो. सामना संपल्यावर मैदानात घुसलेल्या प्रेक्षकांपैकी कोणीतरी टोपी त्याच्या डोक्यावरून पळवली, असा किस्सा सांगतात. टोपीशिवाय आमचं चाललंच नसतं, म्हणून 1960.

आता तुम्ही म्हणाल, टोपी कशासाठी? एक तर ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून. पण दुसरंही एक कारण आहे, बरंच जुनं. 1909 पर्यंत इंग्लंडमध्ये गोलकीपर बाकीच्या खेळाडूंसारखीच जर्सी घालायचा. दहा जणांच्या गर्दीत हात लावायची परवानगी असलेला कोण, हे रेफरीनं ओळखायचं कसं? अनेकदा टोपीवरून. 1909 मध्ये नियम आला, की गोलकीपरनं वेगळ्या रंगाची जर्सी घालायची: लाल, निळी किंवा पांढरी. 1912 मध्ये त्यात हिरवा रंग आला आणि तो इतका रुळला, की पुढची कित्येक वर्षं इंग्लिश गोलकीपर म्हटलं की हिरवा स्वेटरच डोळ्यांपुढे यायचा. याच 1912 मध्ये गोलकीपरवर आणखी एक बंधन आलं. पेनल्टी एरियाबाहेर बॉलला हात लावायचा नाही. त्याआधी तो मैदानाच्या आपल्या अर्ध्या भागात कुठेही बॉल हातात घेऊ शकत असे. विचार करा!

याशिन यांतल्या कुठल्याच रंगात बसला नाही. नखशिखान्त काळा. म्हणून कुणी त्याला काळा कोळी म्हणायचं, कुणी काळा ऑक्टोपस, कुणी ब्लॅक पँथर. आणि गंमत अशी, की तो पोशाख मुळात काळा नव्हता, अतिशय गडद निळा होता, असं त्याच्याबद्दल लिहिणाऱ्यांनी नोंदवलं आहे. कृष्णधवल फोटोंनी आणि टीव्हीनं त्याला काळा करून टाकलं. आम्हाला हे कळलं तोवर काळा स्वेटर घेऊन झाला होता. आम्ही तो काळाच ठेवला. वर्गातली मुलं फोटोशी ताडून बघणार, आणि फोटोत तो काळाच आहे.

स्वेटरची गोष्ट

सगळा वेश स्वेटरवर उभा आहे. तो जमला तर बाकीचं चालून जातं.

माझी पहिली चूक म्हणजे मी ऑनलाइन एक काळी फुल बाह्यांची स्पोर्ट्स जर्सी मागवली. चकचकीत पॉलिस्टर. ती अंगावर चढवल्यावर पोरगं जिमला निघाल्यासारखं दिसायला लागलं. तेव्हाच्या गोलकीपरचे कपडे चमकत नव्हते. ते विणलेले असायचे, जाडसर, मनगटाशी आणि कमरेशी घट्ट, मध्ये थोडे ढगळ. तेव्हा ही जर्सी नव्हेच, हा स्वेटर. शोधताना शब्द तोच वापरा.

मामीच्या आईंना, म्हणजे त्याच्या आजीला, उत्तम विणता येतं. तिच्याकडे गेलो तर तिनं हातच जोडले. "काळी लोकर? या वयात? रात्री टाके दिसतात का काळ्याचे?" विणणाऱ्या वाचकांना हे लगेच पटेल. काळ्या लोकरीत उलट टाका कुठला, सुलट कुठला, हे दिव्याखाली कळतच नाही. शिवाय तिचं दुसरं म्हणणं असं, की संक्रांत महिन्यावर आलीच आहे, तेव्हा काय तो काळा रंग घाला. तुमच्या घरी कोणी तयार झालंच, तर सातवीतल्या मुलासाठी साधारण 400 ग्रॅम लोकर आणा, बॉर्डर दोन सुलट दोन उलट घाला, अंग साधं सुलट विणा आणि हे काम दिवसाउजेडी करायला सांगा. पंधरा दिवस तरी हाताशी ठेवा.

आमच्याकडे पंधरा दिवस नव्हते. शेवटी सापडला तो बोहारणीला द्यायला काढलेल्या गाठोड्यात. मामाचा कॉलेजमधला काळा लोकरी स्वेटर, गोल गळ्याचा, कसरीनं दोन ठिकाणी खाल्लेला. मामीनं बाह्या आतून आखूड केल्या आणि बाजूच्या शिवणी आत घेतल्या. तुमच्याकडे असं गाठोडं नसेल तर हिवाळ्यात रस्त्याकडेला तिबेटी लोकांचे स्वेटरचे स्टॉल लागतात तिथे बघा, किंवा गावातल्या युनिफॉर्मच्या दुकानात. शाळेचे बिनडिझाइनचे काळे किंवा गडद निळे स्वेटर यासाठी अगदी योग्य. फक्त व्ही गळा घेऊ नका.

छातीवर अक्षरं हवीतच. सोव्हिएत संघाच्या जर्सीवर असायची ती चार अक्षरं दिसायला इंग्रजी सी-सी-सी-पी अशी आहेत. पण ती रशियन लिपीतली आहेत आणि त्यांचा उच्चार एस-एस-एस-आर. हे मुलाला आधीच सांगून ठेवा, कारण कोणीतरी विचारणारच. डायनॅमो मॉस्कोचा वेश करणार असाल तर छातीवर एकच वळणदार अक्षर येईल, इंग्रजी डीसारखं दिसणारं. पाठीवर एक आकडा.

अक्षरांसाठी आम्ही आधी फॅब्रिक कलर वापरायला गेलो. लोकरीवर तो बसत नाही. फुगतो, फुटतो आणि कडा पसरतात. मग पांढऱ्या फेल्टची अक्षरं कापली, तळहाताएवढी, आणि काज टाक्यानं शिवली. ही अक्षरं धुण्याआधी काढता यावीत म्हणून नुसता धावदोरा घातला तरी चालेल. काळ्या लोकरीचा रंग पहिल्या धुण्यात हमखास जातो आणि मग पांढरी अक्षरं राखाडी होतात. आमची झाली. खरं सांगू? तशीच जास्त जुनी दिसतात.

ओला करून बघा

इथे थोडं थांबते, कारण सगळ्या खटाटोपात मला हाच भाग सगळ्यात आवडला.

मामेभाऊ म्हणाला, पावसात हा स्वेटर कसा लागत असेल? मामीचं लक्ष नाही बघून आम्ही तो बादलीत बुडवला, थोडा निथळू दिला आणि मामीच्याच किचनमधल्या काट्यावर ठेवला. कोरडा होता त्याच्या दुपटीपेक्षा जास्त भरला. तो अंगात घालून पोरगं अंगणात दोनदा झेपावलं आणि तिसऱ्यांदा म्हणालं, "हात वर जात नाहीत गं."

लोकरीचं असं आहे, की ती हवेतला दमटपणा स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश शोषते आणि तरी हाताला ओली लागत नाही. म्हणूनच तर थंड देशांत ती गोलकीपरला दिली जायची. बाकीचे दहा जण धावून गरम होतात, हा एकटा नव्वद मिनिटं उभा, कधी कधी वीस वीस मिनिटं नुसता उभा. त्याला ऊब हवी. पण मुसळधार पावसात तीच लोकर पाणी धरून बसते.

बॉलचंही तेच. नियमाप्रमाणे सामन्याच्या सुरुवातीला बॉल साधारण 400 ते 450 ग्रॅमचा असायचा. तेव्हाही आणि आजही. पण तेव्हाचा बॉल चामड्याचा. चिखलात भिजला की तो जड व्हायचा आणि साबणासारखा निसटायचा. आज गोलकीपरच्या हातात लेटेक्सच्या फोमचे, चिकटून धरणारे हातमोजे असतात. तेव्हा असले तर लोकरीचे किंवा कातड्याचे साधे हातमोजे, आणि बऱ्याचदा नुसते हात. याशिनचे दोन्ही प्रकारचे फोटो आहेत. तो बॉल पकडण्याऐवजी खूपदा ठोशानं बाहेर ढकलायचा. अंगणात ओल्या बाह्यांनी ओला बॉल दोनदा हातातून सुटल्यावर मामेभावाला ते न सांगताच समजलं.

हे झाल्यावर मामी बाहेर आली. तिनं काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

बाकीचं पटापट

चड्डी: आजच्यासारखी चिकटणारी नको आणि गुडघ्याखाली जाणारीही नको. मामाची जुनी काळी सुती पँट गुडघ्याच्या वर चार बोटं कापली, वर नेफा करून नाडी घातली. कमरेत खूप उंच घालायची, स्वेटर आत खोचून.

मोजे काळे, लोकरीचे असले तर उत्तम, गुडघ्यापर्यंत ओढलेले. त्या काळचे गोलकीपर कोपरांना, गुडघ्यांना, कमरेला आतून कापसाचे पॅड लावायचे, कारण मैदानं टणक असायची. सोव्हिएत गोलकीपरच्या फोटोंत गुडघ्यांवरचे पट्टे वरूनही दिसतात. मेडिकलच्या दुकानात मिळणारे काळे इलॅस्टिकचे नी-कॅप तिथे चालून जातात.

बुटांसाठी खर्च करू नका. शाळेचे काळे लेसचे बूट, भरपूर पॉलिश आणि पांढऱ्या लांब नाड्या. नाडी तळव्याखालून एकदा घेऊन घोट्याशी बांधायची, जुने खेळाडू बांधायचे तशी. फक्त या बुटांत खरंखुरं खेळायला सोडू नका. तळ गुळगुळीत असतो, ओल्या गवतावर पाय घसरतो.

टोपीला दुकानात फ्लॅट कॅप किंवा गोल्फ कॅप म्हणतात. गडद रंगाची, जाड कापडाची घ्या. पुढचं टोक कडक आणि छोटं हवं. बेसबॉलची टोपी चालणार नाही, आणि चौकड्यांची घेतलीत तर शेरलॉक होम्स होतो.

बॉलची युक्ती मात्र माझी नाही, मामाची आहे, आणि मला ती फार हुशारीची वाटते. 1960 च्या सुमाराचा फुटबॉल काळ्या पंचकोनांचा आणि पांढऱ्या षटकोनांचा नव्हता. त्यावर तीन-तीन पट्ट्यांचे सहा गट असत, एकूण 18 पट्ट्या. आता व्हॉलीबॉल आठवा. तीच रचना! घरात पडलेला जुना पांढरा व्हॉलीबॉल घ्या आणि त्याला तपकिरी बूट पॉलिश दोन-तीन वेळा चोळा. आकारानं किंचित लहान, पण हातात धरल्यावर कोणाला शंका येत नाही. पॉलिश पूर्ण वाळू द्या, नाहीतर फेल्टच्या पांढऱ्या अक्षरांवर उतरतं.

आणि फोटो काढणार असाल तर मोबाइलवर कृष्णधवल करा. निळा, काळा, विटका काळा, सगळं एक होऊन जातं. याशिनचं झालं तसंच.

आपल्याकडचे कोणी?

तुम्हाला परदेशी माणसाचा वेश नकोच असेल तर तेही पटण्यासारखं आहे. याशिननं सुवर्णपदक जिंकलं त्याच 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत फुटबॉलमध्ये चौथा आला होता. गोव्यात जन्मलेल्या आणि मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले होते. त्या संघातले गोलकीपर होते पीटर थंगराज आणि एस. एस. नारायण. नारायण मूळचे केरळचे, पण खेळले मुंबईच्या क्लबांकडून. थंगराज पुढे 1962 मध्ये जकार्ताला आशियाई सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघातही होते. एका गोष्टीची गंमत वाटते. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बरेचसे खेळाडू अनवाणी खेळले होते. म्हणजे त्या काळचा भारतीय वेश करायचा तर बुटांचा प्रश्नच मिटला.

मी मामेभावाला विचारलंही, थंगराज करू या का? त्याला पटलं होतं. पण तोपर्यंत अक्षरं शिवून झाली होती आणि मामीनं पुन्हा उसवायला साफ नकार दिला.

क्रीडा दिन

सकाळी आठला वडोदऱ्यात बऱ्यापैकी गार होतं, त्यामुळे स्वेटर शोभला. रांगेत सतरा मेस्सी होते. मी मोजले. त्यांच्यामध्ये हा एक काळा ठिपका, टोपी डोळ्यांवर ओढलेला, बगलेत तपकिरी बॉल.

परीक्षक बाईंनी विचारलं, "बेटा, तू पोस्टमन आहेस का?"

मागून हसण्याचा आवाज आला. मला वाटलं, झालं, आता पोरगं रडणार. पण त्यानं टोपी वर केली आणि हिंदीत सांगायला सुरुवात केली. नाव, क्लब, बॅलन डी'ओर. इथपर्यंत आम्ही पाठ करून घेतलं होतं. पुढचं त्याच्या मनाचं होतं. 1962 मध्ये याच्यावर कॉर्नरवरून सरळ गोल झाला, सगळ्यांनी याला घरी बसायला सांगितलं, आणि पुढच्या वर्षी यानं 27 मॅचमध्ये सहाच गोल दिले, असं तो म्हणाला. सहा बोटं वर करून दाखवली. ज्या मुलांनी 'चाळणी' नाव ठेवलं होतं, ती दोन रांगा मागेच होती. ती ऐकत होती का, मला दिसलं नाही.

बक्षीस एका मेरी कोमला मिळालं, आणि तिचे ग्लव्हज खरोखर छान होते.

दहा वाजता ऊन वाढलं तसा स्वेटर निघाला, टोपी मात्र डोक्यावरच राहिली. संध्याकाळी सोसायटीच्या ग्राउंडवर मुलं खेळत होती. मी गच्चीतून बघत होते. हा बराच वेळ रेषेबाहेर उभा होता. मग कोणीतरी ओरडलं, "ए पोस्टमन, येतोस का गोलमध्ये?" आणि हा गेला. पहिल्या पंधरा मिनिटांत तीन गोल खाल्ले. चौथा ठोशानं बाहेर घालवला, थेट एका स्कूटरवर. त्यावरून झालेली भांडणं वेगळी.

स्वेटर अजून त्यांच्याकडेच आहे. हातानं, थंड पाण्यात धुवायचा, पिळायचा नाही आणि टॉवेलवर आडवा पसरून वाळवायचा, म्हणजे लांबत नाही. गेल्या महिन्यात उजव्या कोपराशी तो उसवला, झेपावून झेपावून. मामी दुरुस्त करायला बसली तर काळी लोकर संपलेली. घरात होती ती गडद निळी. तिनं मला फोन करून विचारलं, चालेल का गं?

मी म्हटलं, मामी, निळीच लाव.